पाय लागला तर

लिफ्टमध्ये मी एका बाईंच्या पायावर पाय दिला. एवढ्यावर भागलं असतं तर लिहून ठेवण्यासारखं काही नव्हतं. मुंबईत कुणाच्या पायावर कुणाचा पाय पडणं ही बातमी नाही. पण मी माफी मागायला गेलो, आणि तिथून सगळं बिघडलं.

आमची मुलुंडची सोसायटी जुनी आहे, आणि लिफ्ट सोसायटीपेक्षाही जुनी वाटते. जाळीचे दोन दरवाजे, आत चार माणसांची जागा आणि नेहमी पाच माणसं. त्या रविवारी सकाळी मी अडीच वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन पाव आणायला निघालो होतो. वरून आलेल्या लिफ्टमध्ये आधीच कुणीतरी मागे उभं होतं, तिकडे माझं लक्ष नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर आणखी तिघं आत शिरली. मी सौजन्य म्हणून एक पाऊल मागे सरकलो, आणि माझ्या चपलेची टाच कशावर तरी मऊ टेकली. मागून "स्स" असा आवाज आला.

दुसरा कुणी असता तर "सॉरी" म्हणून मोकळा झाला असता. माझं तसं नाही. कुणाला पाय लागला की माझ्या तोंडाआधी माझा हात चालतो. ज्याला पाय लागला त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला लावायचा, ही लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. मी नातीसकट मागे वळलो आणि वाकलो. आता चार माणसांच्या लिफ्टमध्ये पाच माणसं असताना माझ्या आकाराचा माणूस पुढे वाकला, तर त्याला मागच्या बाजूला कुठेतरी जागा काढावी लागते. ती मी जाळीच्या दरवाजातून काढली. जाळी बोटभर सरकली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये खाडकन थांबली, आणि तिच्यातली रेकॉर्ड केलेली बाई सुरू झाली, "कृपया दरवाजा बंद कीजिए."

मी तसाच वाकलेला. समोर एक अनोळखी पाऊल. ते बिचारं मागे सरकायला बघतंय, पण मागे भिंत. कडेवर नात टाळ्या वाजवतेय. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकी म्हणतायत, "अरे भाई, सीधा खडे रहो ना." आणि वर ती बाई, "कृपया दरवाजा बंद कीजिए." शेवटी कुणीतरी माझ्या मागून हात घालून जाळी ओढली, लिफ्ट हलली, मी सरळ झालो, आणि त्या पावलाची मालकीण पाहिली.

मागच्या इमारतीत पाळणाघर चालवणाऱ्या बाई. त्याच, ज्यांच्याबद्दल बायकोनं मला आदल्याच दिवशी बजावलं होतं, "कुठे भेटल्या तर नीट वागा. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही."

नीट वागण्याची माझी कल्पना ही अशी.

"तुम्ही हिचे आजोबा ना?" बाईंनी पाऊल साडीत ओढून घेत विचारलं. मी मान डोलावली. "पुढच्या आठवड्यात आणा. बघू." हे "बघू" म्हणताना त्या नातीकडे बघत नव्हत्या.

हे पाळणाघर आम्हाला कशासाठी हवं होतं, ते सांगायला हवं. मुलगी आणि जावई दोघं नोकरीला. मुलगी अंधेरीला, जावई त्याहून लांब. नात सकाळी आमच्याकडे येते ती संध्याकाळपर्यंत. तिचा जन्म झाला तेव्हा बायकोनं नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली, आणि ती नातीसाठीच घेतली असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मला पोहायला शिकायचंय." आम्ही जेवत राहिलो. तिनं भाताचा डबा बाजूला सरकवला आणि पुन्हा म्हणाली.

तिच्या माहेरी नदीला मोठा डोह होता. भाऊ पाठीला वाळका भोपळा बांधून धडाधड उड्या मारायचे आणि ही काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. "कपडे सांभाळायला मी होते म्हणून ते पोहायला शिकले," असं ती अजून सांगते, आणि भाऊ समोर असले तर जरा मोठ्यानं सांगते. पन्नाशी उलटल्यावर तिनं महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं. बॅच सकाळी अकराची. एक तारखेला सुरू होणार, आणि पहिल्या दिवशी जी येणार नाही तिची जागा दुसरीला.

"आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करतो," मी म्हणालो. "तेव्हा मी बघेन की तिला."

"मागच्या वेळी तुम्ही बघत होतात तेव्हा तिनं पंख्याखाली पावडरचा डबा उघडला होता. तुमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं ना, महाबळेश्वरला गेलात का म्हणून?"

तर सकाळचे तीन तास पाळणाघर, असं ठरलं. बाईंचा नियम एकच होता: मारकं मूल ठेवायचं नाही. आमची नात मारकी नाहीच, असं आम्ही छातीठोकपणे सांगितलं. त्या दिवसापर्यंत ते खरंही होतं.

उलट चांगल्या वागणुकीचं शिक्षण आमच्याकडे जोरात चालू होतं. मुलीनं प्लीज, थँक्यू, सॉरी हे तीन शब्द लेकीला घोटून शिकवले होते. त्यांना ती मॅजिक वर्ड म्हणते. नात हे शब्द सढळ हातानं वाटते. खिडकीतल्या कबुतराला "प्लीज जा", आणि ते गेलं की "थँक्यू". लिफ्टमधल्या बाईबद्दल तिला फार आदर आहे. आमच्या इमारतीत "कृपया" सगळ्यांत जास्त वेळा तीच म्हणते, आणि तिचंच कुणी ऐकत नाही. आम्ही घरात "जय भीम" म्हणतो, तिसऱ्या मजल्यावरच्या काकी "जय जिनेंद्र" म्हणतात, वॉचमन "राम राम" म्हणतो. नात भेटेल त्याला तिन्ही एका दमात म्हणून टाकते, म्हणजे कुणी राहायला नको.

माझं म्हणणं असं होतं की नुसत्या शब्दांनी काय होतं, हाताला वळण हवं. माझ्या लहानपणी आमच्या घरात देव्हारा नव्हता, पुस्तकांची एक फळी होती. जागा एवढीशी, की पुस्तक वाचून खाली ठेवलं तर कुणाचा तरी पाय त्याला लागायचाच. लागला की उचलायचं, कपाळाला टेकवायचं, फळीवर ठेवायचं. माणसाला लागला तर माणसाला हात लावून तेच. वडिलांनी हे कधी बसवून सांगितलं नाही. ते करायचे, म्हणून आम्ही करायचो. ही रीत मुलीपर्यंत कशीबशी आली, पण नातीपर्यंत पोचेल असं मला वाटलं नव्हतं.

ती पोचली. त्याच रविवारी, लिफ्टमधून.

दुपारी मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. नात आली, माझ्या पायापाशी उभी राहिली आणि तिनं माझ्या नडगीवर एक लाथ मारली. मी कळवळून पेपर खाली घेतला, तर ती वाकली, नडगीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू आता टाळ्यांची वेळ झाली.

मी काय करायला हवं होतं, हे आता मला पाठ आहे. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. "अगं, बाहेर ये," मी बायकोला हाक मारली. "बघ, हिनं नमस्कार केला." पुरावा म्हणून नातीनं दुसऱ्या नडगीवर पुन्हा सगळं करून दाखवलं. संध्याकाळी मी मुलीला दाखवलं, व्हिडिओ कॉलवर माझ्या बहिणीला दाखवलं. बहीण म्हणाली, अगदी आपल्या बाबांसारखी वाकते. त्यानंतर मला कोण थांबवणार?

चार दिवसांत नातीनं घरातले सगळे पाय संपवले. मग वॉचमन झाला. मग कुकर दुरुस्त करायला आलेला माणूस झाला. त्याला बिचाऱ्याला आधी लाथ आणि मग नमस्कार मिळाल्यावर काय करावं ते कळेना. तोही वाकला आणि त्यानं उलट तिला नमस्कार केला. ती बेहद्द खूश.

त्या दिवशी बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"ही मारायला शिकली," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलंत."

"पण नमस्कार करते ना नंतर."

"आधी लाथ, मग नमस्कार. निवडणुकीला उभी करा." कुकरची शिट्टी तिनं बसवली आणि काढली, पुन्हा बसवली. "सोमवारी हिनं पाळणाघरात एका पोराला लाथ मारली की बाई घरी पाठवतील. त्या नमस्कार बघत बसणार नाहीत."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटत होतं मी संस्कार देतोय.

मी सुधारणा हाती घेतली. नातीला समोर बसवलं, तिच्या कापडी हत्तीला मधे ठेवलं आणि समजावलं, की बाळा, मुद्दाम पाय मारायचा नसतो. चुकून लागला तरच नमस्कार. चुकून म्हणजे काय, तर हे बघ, आबा चालतायत, आबांना हत्ती दिसला नाही, आणि आबांचा पाय चुकून हत्तीला लागला. मी चाललो, हत्ती मला दिसला नाही, पाय लागला, मी नमस्कार केला. नातीनं सगळं मन लावून बघितलं. मग उठली, माझ्यापाशी आली, "आबा, चुकून" म्हणाली, आणि लाथ मारली.

आता तिच्याकडे चार मॅजिक वर्ड झाले होते.

शनिवारी मी बेडरूममध्ये चष्मा शोधायला गेलो, तर बायको आरशासमोर उभी होती. पोहण्याचा पोशाख तिनं आणून ठेवलाय हे मला माहीत होतं, लांब बाह्यांचा, गुडघ्यांपर्यंतचा, काळा. त्या वेळी अंगात रोजचाच गाऊन होता, पण डोक्यावर निळी रबरी टोपी. कान आत, एकही केस बाहेर नाही. ती मान इकडे तिकडे वळवून बघत होती. मी दिसल्यावर तिनं टोपी ओढून काढली, केसांसकट, आणि घडी घालून कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिली.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू. मोठी होईल ही तोवर."

आमच्या घरात पुढच्या वर्षावर गेलेल्या गोष्टींचं काय होतं ते मला ठाऊक आहे. बाल्कनीतली फरशी पंधरा वर्षं पुढच्या वर्षावर आहे.

"काय करायचं ते सांग," मी म्हणालो. "मी करतो."

"हसू नका."

"एवढंच?"

"तिनं लाथ मारली की हसायचं नाही, ओरडायचं नाही, भाषण द्यायचं नाही. उठायचं आणि दुसरीकडे जाऊन बसायचं. तिला गंमत तुमच्या तोंडाची वाटते. तोंड काढून घ्या."

ऐकायला सोपं वाटतं. पण अडीच वर्षांची मुलगी गंभीर चेहऱ्यानं "चुकून" म्हणून लाथ मारते आणि वाकते, तेव्हा न हसता उठून जायला जे मनोबल लागतं ते माझ्याकडे उपजत नाही. मी उठायचो, स्वयंपाकघरात जायचो, फ्रिजचा दरवाजा उघडून त्यात तोंड घालून हसायचो, आणि गंभीर होऊन परत यायचो. बायको म्हणाली, यंदाचं विजेचं बिल तुम्ही हसून वाढवणार. पण रविवारी लाथा निम्म्या झाल्या. संध्याकाळी नात माझ्या पायापाशी येऊन उभी राहिली, विचार केला, आणि तशीच गेली. मला उगीच थोडं वाईट वाटलं.

सोमवारी पाळणाघर. पहिले काही दिवस घरातल्या कुणीतरी सोबत बसायचं, अशी बाईंची पद्धत. मी रजा टाकली होती, कारण बायको म्हणाली होती, "शिकवलंत तुम्ही, तर तुम्हीच निस्तरा." बाईंचं घर तळमजल्यावर. हॉलमध्ये सतरंजी, भिंतीला टेकून छोट्या प्लास्टिकच्या खुर्च्या, दाराशी चिमुकल्या चपलांची रांग. मला एक लाल खुर्ची मिळाली. ती चार वर्षांच्या माणसासाठी बनवलेली होती. मी तिच्यात बसलो म्हणण्यापेक्षा ती मला लागली म्हणणं बरोबर होईल.

पहिले दोन दिवस बरे गेले. नात इतर मुलांच्या पायांकडे बघायची, मी माझं तोंड काढून घ्यायचो, ती माझ्याकडे बघून नाद सोडायची. बाई आल्यागेल्या पोरांची नाकं पुसत होत्या, पण त्यांचा एक डोळा तिच्यावर होता आणि, मला वाटतं, दुसरा माझ्यावर.

तिसऱ्या दिवशी खिडकीबाहेर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. सगळी पोरं खिडकीकडे पळाली. नातही पळाली. वाटेत सतरंजीवर तिच्याहून लहान एक मुलगा ठोकळे मांडून बसला होता, त्याचा हात जमिनीवर पसरलेला, आणि नातीचा पाय त्याच्या बोटांवर पडला.

तो असा रडला की गाडीचं गाणं ऐकू येईना.

मला वाटलं, झालं. निळी टोपी साड्यांच्या मागे राहिली.

नात जागच्या जागी थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सवयीनं तोंड कोरं ठेवलं, या वेळी त्यासाठी कष्ट पडले नाहीत. मग तिनं त्या मुलाकडे बघितलं. तो तोंड उघडून रडत होता आणि बोटं वर धरून होता. "चुकून," ती म्हणाली, पण इतकी हळू की तिची तिलाच सांगत असावी. आठवडाभर हा शब्द ती वापरत होती, आणि तो खरा त्या क्षणी घडला होता. ती वाकली, त्याच्या बोटांना हात लावला, कपाळाला लावला. तो रडतच राहिला. हे तिला नवीन होतं. आमच्याकडे नमस्कारानंतर रडत कुणीच नसे. तिनं पुन्हा एकदा केला, न जाणो पहिला नीट लागला नसेल. मग तिला काही सुचेना, तेव्हा ती त्याच्या शेजारी फतकल मारून बसली, हातातली अर्धी चोखलेली खारी त्याच्यापुढे धरली आणि त्याच्या बोटांवर फुंकर मारत राहिली, फुंकरीपेक्षा थुंकीच जास्त. त्यानं हुंदके देत देत खारी घेतली.

हे सगळं बाई बघत होत्या. तेवढ्यावर मी बसून राहायला हवं होतं.

पण मला वाटलं, मोठ्या माणसानं पुढे होऊन मुलाला उचलायला हवं. मी उठलो. खुर्ची माझ्याबरोबर उठली. ती कमरेच्या मागे घट्ट बसली होती. तिला सोडवायला मी एक हात मागे नेला, तोल गेला, सावरायला पाय टाकला, आणि तो कशावर तरी मऊ टेकला. "स्स."

तोच पाय. त्यांचाही, आणि माझाही.

मी खुर्चीसकट थिजलो. वाकावं की न वाकावं, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. सगळी पोरं वळली, तो मुलगासुद्धा खारी तोंडात धरून बघायला लागला. आणि सतरंजीवरून नातीचा आवाज आला, अगदी तिच्या आजीचा सूर.

"आबा, नमस्कार कर."

मी केला. वाकलो तशी खुर्ची पाठीवर उभी राहिली. पोरांनी आजवर पाळणाघरात एवढी चांगली गोष्ट पाहिली नसावी. बाईंनी पदर तोंडाला लावला, बराच वेळ लावून ठेवला, मग माझ्या मागे येऊन दोन्ही हातांनी खुर्ची ओढून काढली.

"मुलीला ठेवते मी," त्या म्हणाल्या. "शहाणी आहे. उद्यापासून आजींना आणून सोडायला सांगा."

"मी येतो ना, मला काही त्रास..."

"तुम्ही नका येऊ."

घरी येऊन मी बायकोला नातीचा निकाल सांगितला. माझाही सांगितला, कारण तो तिला संध्याकाळपर्यंत बाईंकडून कळलाच असता. ती पोळ्या लाटत होती. थोड्या वेळानं कपाटाचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला.

एक तारखेला मी घरून काम करत होतो. दहा वाजता ती नातीला घेऊन निघाली, खांद्याला पिशवी, पिशवीत टोपी. नात मला दारातून "जय भीम, जय जिनेंद्र, राम राम" म्हणाली. एक वाजता दोघी परत आल्या. नात झोपेला आली होती. बायकोचे केस ओले होते, घट्ट वेणी घालून पाठीवर सोडलेले, ब्लाउजवर पाण्याचा मोठा डाग. डोळे लाल. तिला तलावातल्या औषधाचा वास येत होता. मी घाबरलो, रडली की काय.

"कसं झालं?" मी विचारलं. "जमलं का?"

तिनं नातीला पलंगावर टाकलं, पंखा लावला, बाहेर आली, मी केलेला चहा घेतला. एक घोट घेऊन म्हणाली, "साखर विसरलात." मग दुसरा घोट घेतला.

"पाण्यात हातपाय मारताना शेजारच्या बाईंना माझा पाय लागला," ती म्हणाली. "नमस्कार करायला वाकले, तर सगळा तलाव नाकातोंडात गेला."